हेड खोलू नको

बाबा, ती लाल गाडी परत आलीय. मुरबाडच्या डॉक्टरांची, दोनच सीटची, इंजिन पाठीमागे आणि रेडिएटर पुढे असलेली. तिला पहिल्यांदा पाहून तुम्ही म्हणाला होतात, "हिचं तोंड एकीकडं न्‌ पोट एकीकडं. पानी बिचारं पार म्हसा गावच्या जत्रंला चालत निघाल्यावानी जातंय." तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी ती आपल्या शहापूरच्या गॅरेजसमोर थांबली तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. तक्रार तीच. टाकीतलं कूलंटचं हिरवं पाणी कमी होतं आणि कुठे जातं ते कळत नाही. जमिनीवर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. कुणीतरी त्यांना इंजिनचं वरचं झाकण, हेड, खोलून त्याखालचं गास्केट बदलायला सांगितलंय. डॉक्टरांचे केस आता पांढरे झालेत. उतरता उतरता म्हणाले, "मागे तुम्हीच गास्केट बदललं होतं ना? परत गेलं का?"

मागची गोष्ट मला लख्ख आठवते. तेव्हा माझे हात कोपरापर्यंत इंजिनात असले तरी येणारा माणूस मला विचारायचा, "बाबा कुठं हायत?" डॉक्टरही माझ्या डोक्यावरून तुमच्याशीच बोलत होते. मी म्हटलं, गास्केट गेलंय. तुम्ही बाकड्यावरून म्हणालात, "हेड खोलू नको गो. भाताच्या खाचरातलं पानी रातोरात कमी झालं, तर आपुन त्याच खाचरात उभं राहून बघतो का? खालच्या खाचरात जायाचं, खेकड्यानं बांध कुठं पोखरलाय ते बघायचं. गाडी रातभर गार होऊ दे. सकाळी खालनं बघ." मी हसले. "बाबा, ही गाडी हाय, खाचर नाय." डॉक्टरही हसले. तुम्ही नाही हसलात.

मी हेड खोललं. गास्केट शाबूत होतं, कुठे जळल्याची खूण नाही की ओल नाही. सगळं परत जोडताना सीटखालून जाणाऱ्या लांब पाइपाची क्लिप बोटाने हलली, तेव्हा काय ते कळलं. स्क्रूड्रायव्हरचे दोन फेरे दिले आणि गळती थांबली. डॉक्टर गाडी न्यायला आले तेव्हा, तुमच्यासमोर, मी खणखणीत आवाजात सांगितलं, "गास्केटच गेलं होतं." तुम्ही शर्टाच्या टोकाने चष्मा पुसलात आणि म्हणालात, "मंग माझी नजर गेली म्हनायची." दुसऱ्या दिवशी तुमचा तो लांब स्क्रूड्रायव्हर, ज्याची मूठ कानाला लावून तुम्ही इंजिन ऐकायचात, माझ्या हातात दिलात. "आता तूच ऐक." त्यानंतर तुम्ही एकाही बॉनेटखाली वाकला नाहीत. शेवटची दोन वर्षं बाकड्यावर बसून जुने नटबोल्ट डब्यांत निवडत राहिलात, आणि लोक मला म्हणत, पोरीने बापाचं नाव राखलं. रोज वाटायचं, आज सांगू. पण चहाचा कप तुमच्या हातात दिला की मी परत गाडीकडे वळायचे.

या वेळी मी हेडला हात लावला नाही. गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी चहाही न घेता खाली शिरले. पोटाखालचा पत्रा काढला, तर त्याला आतून लावलेला जाड लोकरी नमदा हिरव्या पाण्याने चिंब. वर तीच क्लिप, थेंब थेंब गळतेय. मी इंजिन सुरू करून परत खाली जाते, वाट बघते. पाइप तापतो, फुगतो, क्लिपला घट्ट बसतो, गळायचं थांबतं. नमद्यातलं पाणी हळूहळू वाफ होऊन जातं, म्हणून जमिनीवर थेंब पडत नाही. गरम गाडी तपासणाऱ्याला हे जन्मात दिसलं नसतं. मी तिथेच, पाठीखाली पोतं, अंगावर ग्रीस, रडले बाबा.

दुपारी डॉक्टर आले. त्यांना ती क्लिप दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे तुमचे वडील म्हणाले होते तसंच निघालं की." मी म्हटलं, "मागच्या वेळीही हेच होतं. गास्केट चांगलं होतं. मी खोटं बोलले." ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "हे त्यांना कळलं होतं का?"

ते गेल्यावर तुमच्या बाकड्यावर बसून हे लिहिलं. हा कागद आता तुमच्या स्क्रूड्रायव्हरच्या खणात राहील, दुसरीकडे कुठे पाठवणार? तुमची नजर गेली नव्हती बाबा. मला एकदाच, गिऱ्हाइकासमोर, तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं दाखवायचं होतं.