पेटीवरचं नाव

बेंगळुरू, १२ सप्टेंबर

आबा, तुमच्या आणि आईच्या पाया पडते.

फोनवर हा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. ऑफिसात नव्या मराठी फॉन्टचं काम चाललंय, जेवण वेळेवर होतं. आई आता नीट जेवते का? तुमचा गुडघा कसा आहे?

आपल्या कृष्णातच्या स्मारकावर कोरायचं नाव मीच रेखाटावं, असं सरपंच म्हणाले होते. महिनाभर बसले. अक्षरांची जाडी, दोन अक्षरांमधली जागा, सगळं बिनचूक जमलं. पण ते नाव कुठल्याही जवानाचं वाटायचं.

शेवटी त्याच्या लोखंडी पेटीचा फोटो उघडला. तो भरती होऊन ट्रेनिंगला निघाला तेव्हा पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव मीच घातलेलं. कॉलेजचं पहिलं वर्ष माझं. 'कृष्णा' एवढं ऐसपैस झालं की 'त' पार कडेला चेंगरला. तो हसत म्हणाला, "आक्का, माझा त पडंल की गं खाली! ऱ्हाऊ दे, सुट्टीला आलो की नीट कर." मग दर सुट्टीत ते राहूनच गेलं.

तीच अक्षरं कागदावर उतरवून सोबत पाठवलीत. विट्याचे पाथरवट म्हणतील, पोरीचं चुकलंय, सरळ करतो. आबा, करू देऊ नका.

तो 'त' कृष्णात सुट्टीला आल्यावर नीट करायचा, असं आमचं ठरलंय.

तुमची,
संयोगिता