काचेतल्या बाईची निगा

१२ फेब्रुवारी २००७, सोमवार

मॉडेल आलं. दिल्लीच्या प्रदर्शनातून काकांनी पाठवलं. हिंगणघाटातल्या बाकी कापडदुकानांत प्लास्टिकच्या बाहुल्या आहेत, नाकाचे टवके उडालेल्या. समोरच्या दुकानातल्या बाहुलीला तर डावा हातच नाही, तिथे पदर सोडतात. आपलं मॉडेल टीपीईचं. म्हणजे मऊ रबरासारखा पदार्थ, आत लोखंडी सांगाडा. उंची पाच फूट तीन इंच, वजन अडतीस किलो. दंड दाबला की माणसासारखा दबतो. दुकानातले जुने नोकर कवडूभाऊ यांनी दाबून पाहिला आणि हात पायजम्याला पुसला. अडाणी.

बाबा म्हणाले, रक्षा, अक्षय तृतीयेपर्यंत मॉडेल तुझ्या ताब्यात. लग्नसराईचं गिऱ्हाईक वाढलं तर वरच्या मजल्यावरचं लेडीज सेक्शन तू सांभाळ. नाहीतर निकेश. निकेश म्हणजे काकांचा मुलगा. शालू आणि पैठणी यांतला फरक त्याला मागच्या वर्षी कळला, तोही गिऱ्हाइकाने सांगितला म्हणून.

म्हणजे वरचा मजला माझाच.

१३ फेब्रुवारी

खोक्यात माहितीपत्रक होतं. सोळा नियम, इंग्रजीतून. शाळेत जायच्या आधी बाबांनी घरातच शिकवलेली पहिली गोष्ट : वस्तूसोबत आलेला कागद वाचल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. घरात ही गोष्ट शिकलेली मी एकटीच. आईने मिक्सर कागद न वाचता लावला आणि जाळला.

नियम मराठीत उतरवून काढले. संकल्प : सोळाच्या सोळा पाळणार. पंधरा नाही.

१४ फेब्रुवारी

मॉडेलची आंघोळ. कोमट पाणी, सौम्य साबण. चोळायचं नाही, टिपायचं. मग सर्वांगाला टाल्कम पावडर. दोन तास लागले. पुरुषांदेखत हे करणं बरं नाही, म्हणून शटर अर्धं खाली घेतलं. कवडूभाऊ म्हणाले, "ताई, इच्या आंगोयीपायी दुकान बंद काऊन करता?" मी सांगितलं की बंद नाही, अर्धं बंद आहे. फरक कळला नाही.

आंघोळ दर आठवड्याला. दुपारी चारची वेळ ठरवली. चारला बायका खरेदीला निघतात, तेव्हा सगळं ताजं असलेलं बरं.

१९ फेब्रुवारी

नियम चौथा : गडद रंगाचे कपडे घालू नयेत, रंग अंगात उतरतो आणि निघत नाही. बाबा म्हणतात आपला सगळा माल पक्क्या रंगाचा. असेल. पण नियमात पक्का-कच्चा असं काही लिहिलेलं नाही. खबरदारी म्हणून पांढरी सुती साडी नेसवली, बारीक करड्या काठाची. फार शालीन दिसते. भपका नाही. लोकांना चांगलं बघायची सवय लावावी लागते.

२२ फेब्रुवारी

कवडूभाऊंनी मला न विचारता मॉडेलच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, गळ्यात दुकानातलं नकली मंगळसूत्र घातलं आणि कुंकू लावलं. मी जेवायला गेले होते तेवढ्यात!

नियम सातवा : घट्ट वस्तूंचे वळ पडतात. नियम आठवा : धातूने काळे डाग पडतात. कुंकू म्हणजे तर निव्वळ रंग. सगळं उतरवलं. कपाळ अर्धा तास टिपलं. टिकलीही चालणार नाही, मागे गोंद असतो.

आता मॉडेल पूर्ण सुरक्षित आहे.

२३ फेब्रुवारी

आनंदाबाई आत्या, बाबांची मोठी बहीण, आपल्याकडेच राहते. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला आणि माहेरी परत आली. दुकानात मागच्या कोपऱ्यात बसून साड्यांच्या घड्या घालते. आज ती उठून काचेसमोर गेली आणि बराच वेळ मॉडेलकडे बघत राहिली. मग मला विचारते, "हिचा नवरा कधी गेला वं, रक्षे?"

मी समजावून सांगितलं की हे टीपीई आहे, याला नवरा नसतो. कवडूभाऊ गल्ल्यामागे वाकून हसत होते. आत्याचे विनोद मला कळत नाहीत. शिकलेली असती तर बरं झालं असतं.

६ मार्च

नोंद ठेवायला सुरुवात केली. आज सतरा जण काचेसमोर थांबले. आत एकही आला नाही. म्हणजे लोक विचार करून येणार. घाईने येणारं गिऱ्हाईक टिकत नाही.

एका बाईने लांबूनच हात जोडले. मॉडेलचा प्रभाव.

१९ मार्च, गुढीपाडवा

बाजार तुडुंब. समोरच्या हातमोडक्या बाहुलीला लाल शालू. किती उथळपणा! निकेश म्हणाला, आपणही लाल नेसवू. मी त्याला चौथा नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, "तू हिले जपून राह्यली का दुकान?" त्याला वरचा मजला हवा आहे, बाकी काही नाही.

आज सव्वीस थांबले. आत तिघे. दोघांना सुटे पाहिजे होते.

२८ मार्च

मॉडेल पुसायला आडवं ठेवायचं म्हणून कवडूभाऊंनी खाली वर्तमानपत्र अंथरलं. नियम अकरावा! छपाईची शाई उतरते. पाठीवर उलट्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' उमटलं आहे, त्याच्या वर फेटेवाल्या एका गृहस्थांचा फोटोही. टिपून गेला नाही. कवडूभाऊ म्हणतात, पाठ कोन पाह्यते? असल्या वृत्तीमुळेच हा जिल्हा मागे आहे.

ब्लाउजने झाकलं. फेटा थोडा वर दिसतो.

५ एप्रिल

ऊन भयंकर. नियम दुसरा : उष्णतेपासून दूर ठेवा. मोठा कूलर गादीकडून फिरवून मॉडेलकडे केला. गिऱ्हाइकाला घाम येतो अशी बाबांची तक्रार. गिऱ्हाईक अर्धा तास बसतं, मॉडेल दिवसभर उभं असतं. बाबा काही बोलले नाहीत. पटलं असावं.

८ एप्रिल

गिऱ्हाईक मागच्या वर्षीपेक्षा कमी, असं आई म्हणाली. आई दुकानात येतच नाही. तिला काय माहीत? यंदा लग्नंच उशिरा आहेत.

११ एप्रिल, बुधवार, सायंकाळी ५.४०

पवनारहून बाबाराव आले होते, नातीच्या लग्नाच्या खरेदीला. दोन जीपगाड्या, वीसएक माणसं. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळा बस्ता एकाच दुकानात घेणार होते. हे घर तीन पिढ्या आपल्याकडे येतं.

आंघोळीचा दिवस. शटर अर्धं खाली. मी मॉडेल नुकतंच उभं केलं होतं, पांढरी साडी, ओले केस मोकळे. बाबारावांच्या पत्नी पंचफुलाआजी शटरखालून वाकून आत आल्या आणि थबकल्या. हळू आवाजात बाबांना विचारलं, "कोन गेलं हो, प्रभाकरराव? कवा झालं? आमाले खबरच नाई."

मी पुढे होऊन म्हटलं, आजी, कोणी गेलं नाही, हे मॉडेल आहे. आजींनी मॉडेलकडे पाहिलं. नवरीला मागे ओढलं. "मंग हे मोकय्या केसाची, बिना कुकवाची दारात काऊन उभी केली? पोरीचं लगन हाय आमच्या!" बाहेर जाऊन जीपजवळ काहीतरी बोलणं झालं. सगळे समोरच्या दुकानात गेले.

कारण : आपल्यासमोर दोन जीप उभ्या करायला जागा नाही. बाबांना सुचवलं पाहिजे.

रात्री ९

बाबांनी वही मागितली आणि सोळाच्या सोळा नियम वाचले. मला वाटलं, आता तरी कदर होईल. बाबा एवढंच म्हणाले, "कागद वाचाले शिकवलं मी. बाहेर पाह्यचं शिकवाचं राहून गेलं."

मधे जे झालं ते लिहायचं नव्हतं. लिहिते. खोटं लिहिण्याची सवय नको.

जीपवाले समोर गेले, मी वही लिहीत बसले, तेवढ्यात आत्या घड्या टाकून उठली आणि अनवाणीच रस्ता ओलांडून गेली. तिथे काय म्हणाली ते कवडूभाऊंनी येऊन सांगितलं. पंचफुलाआजींना म्हणाली, "बाई, आमच्या पोरीनं वाचून वाचून त्या रबराच्या बाईले माह्यासारखी करून टाकली. पाच मिनिटं द्या. मी नेसवतो तिले." आजी हसल्या म्हणे. मग आत्याचा हात धरून परत आल्या.

आत्याने शटर पुरतं वर केलं. कपाटातला सगळ्यात लाल शालू काढला. मी चौथा नियम सांगितला. आत्या निऱ्या करत होती, मान वर न करता म्हणाली, "लागला त लागला रंग. रंगानं कोनी मेलं नाई आजवर." बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू, सगळं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मला रोज पाऊण तास लागतो. मला वाटत होतं आत्याला नुसत्या घड्याच येतात.

नवरी मॉडेलसमोर उभी राहून म्हणाली, "आजी, असाच पायजे." आत्या सगळ्यांना घेऊन वर गेली. अंधार पडेपर्यंत बस्ता चालला. कोणता काठ कोणत्या वर्णाला खुलतो, मावशीला काय, करवलीला काय, सगळं आत्याच सांगत होती. स्वतः करड्या साडीत. कोणी काही म्हणालं नाही. नवरी जाताना आत्याच्या पाया पडली.

मी खाली कूलरमध्ये पाणी भरत होते.

१४ एप्रिल

शालू बदलला. मॉडेल गळ्यापासून पोटऱ्यांपर्यंत गुलाबी झालं आहे. चौथा नियम खरा होता. मी बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, त्या गठ्ठ्यातले शालू व्यापाऱ्याला परत पाठव. एवढंच. माझ्या म्हणण्याबद्दल काही नाही.

आत्या म्हणते, गुलाबी बरी दिसते, जिवंत वाटते.

१७ एप्रिल

थांबलेल्यांची नोंद बंद केली. थांबत नाहीत, सरळ आत येतात. येतात आणि विचारतात, आनंदाबाई कुठे बसतात? आज पाच वेळा जिन्याकडे बोट दाखवलं. सहाव्यांदा नुसती मान हलवली.

निकेश जिन्यावरून गठ्ठे वाहतो. तोंड पाडून. तेवढंच समाधान.

२० एप्रिल, अक्षय तृतीया

सकाळी लेडीज सेक्शनची पूजा झाली. नारळ आत्याने फोडावा असं बाबा म्हणाले. आत्या आधी नको नको म्हणाली, मग फोडला. एका घावात.

जिन्याशी लावायची पाटी बाबांनी मला लिहायला सांगितली, माझं अक्षर चांगलं म्हणून. 'लेडीज सेक्शन, वरचा मजला. आनंदाबाईंना भेटा.' रंग वाळायच्या आत तीनदा तपासली. एकही चूक नाही.