आत्याचा मेजपोश आणि हिरवं आभाळ

तीर्थस्वरूप योरुन आत्या हिला,

वेल्डिंगने पोळलेल्या हातांनी आयविंदचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? वृद्धाश्रमात अजून मासा उकडून उकडून त्याचा कापूस करतात का? मी सुट्टी संपवून दक्षिणेत स्तावांगेरच्या बोटींच्या कारखान्यात परत पोचलो, ठणठणीत आहे. वाटेत तुला भेटलो तेव्हा फोटो दाखवायचा धीर झाला नाही (ती जाडी नर्स हलेना). सोबत जोडलाय. पण आधी हकीकत वाच.

तुझं उत्तरेकडचं घर विकण्याआधी त्याच्यावर उत्तरेचा उजेड, तो आभाळात नाचणारा हिरवा ध्रुवप्रकाश, उतरलेला एक फोटो हवा, एवढंच तू मागितलंस, कारण तुझ्या खिडकीतून रस्त्याचे दिवे सोडून काही दिसत नाही. म्हटलं, त्यात काय! ज्याच्या उजेडात आपण लहानपणी संडासला जायचो, त्याचा फोटो काढायला असा कितीसा वेळ? कारखान्यातल्या आचाऱ्याचा कॅमेरा मागून आणला, अंगणात तिवईवर बसवला आणि वाट बघत राहिलो. सुट्टी संपत आली तरी ढग हटेनात. (एरवी मासे साफ करताना मेला डोक्यावर नाचायचा.) शेवटच्या दिवशी आपल्याकडच्या बिनसूर्याच्या हिवाळ्यातल्या दुपारच्या काळोखात चांदण्या दिसल्या, पण उजेडाचा पत्ता नाही. तेव्हा मला लहानपणी तू दिलेली धमकी आठवली: पांढरं कापड हलवलंस तर तो खाली येईल आणि तुला उचलून नेईल. आता मला तो खालीच यायला हवा होता की! घरात पांढरं म्हणजे फक्त तुझा नाताळचा मेजपोश. तो घेऊन मी बोटघराच्या छपरावर चढलो आणि लागलो फडकवायला.

शेजारचा हिल्मार धावत आला. "उतर खाली, गाढवा! आत्यानं काही शिकवलंय की नाही तुला?"

"तिच्यासाठीच चाललंय, काका!"

"मग तिलाच उचलून ने म्हणावं त्याला!"

आणि आत्या, तो आला. डोंगरामागून जो सुटला तो फियोर्डची सगळी खाडी हिरवी करत थेट माझ्या टाळूवर. मी छपरावरून उतरून धावत जाऊन कॅमेऱ्याचं बटण दाबलं, वर पाहिलं, आणि (कारखान्यात कुणाला सांगू नकोस) मेजपोश डोक्यावर घेऊन घरात पळालो तो स्वयंपाकघरातल्या मेजाखाली. कॅमेरा मात्र अर्धं मिनिट डोळा उघडा ठेवून बसला होता. त्यात जो हलतो त्याचा धूर होतो म्हणे. तेव्हा फोटोत घर आहे, वर हिरवं आभाळ आहे, आणि दारातून आत शिरणारा जो पांढरा फराटा आहे, तो मी.

तुझा,
आयविंद

ता. क. मी निघाल्यावर घर बघायला ऑस्लोचं जोडपं आलं होतं. हिल्मारने त्यांना फोटो दाखवून अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हा जुना मालक. आभाळ हिरवं झालं की घरी येतो." ते कॉफी अर्धी टाकून गेले.

ता. क. दुसरा. मी त्याला हे सांगायला लावलं नव्हतं. फक्त फोटोची एक प्रत त्याला पाठवली होती. आत्या, घर विकू नकोस. छप्पर मी नीट करतो, आपल्या गावच्या धक्क्यावरही वेल्डर लागतातच. पुढच्या नाताळला तुला घरी न्यायला येतो.

ता. क. तिसरा. मेजपोश धुतला. छपरावरच्या डांबराचा डाग गेला नाही, पण तिथे माशाची बशी ठेवली की दिसत नाही. मी ठेवून बघितली.