जावक न झालेलं पत्र

रत्नागिरी,
३ ऑगस्ट

तीर्थरूप आप्पांना धाकटा मेहुणा गंधार याचा साष्टांग नमस्कार. (पत्र आधी तुम्ही एकट्यानेच वाचा. ताईला दाखवायचं की नाही, ते मग ठरवा.)

तुमचा गुडघा कसा आहे? पट्टा लावता, की डॉक्टरांना दाखवण्यापुरता खुंटीला टांगून ठेवलाय? ताईची साखर आटोक्यात असेल अशी आशा करतो. आशाच, कारण गेल्या वेळी तिने मला चहा बिनसाखरेचा दिला आणि स्वतः ओट्यामागे उभी राहून गूळ खात होती. अलोऱ्यात पाऊस आमच्या दीडपट पडत असणार. दरवर्षी तुम्ही तो आकडा अशा अभिमानाने सांगता, की जणू वर पंप चालवायला तुम्हीच होता. इकडे सगळे बरे आहेत. निदान हे पत्र लिहायला बसेपर्यंत 'बरे आहेत' असंच सगळ्यांना सांगत होतो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? फोन ताई उचलते, आणि माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तिला कळतं की मी काहीतरी करून बसलोय. लहानपणी मी दिवा फोडला होता तेव्हाही तिला असंच कळलं होतं. म्हणून पत्र.

सत्तावीस वर्षांपूर्वी तुम्ही आपलं अभियंता मंडळ काढलंत, आणि पुढे कोयनेतून निवृत्त होऊन अलोऱ्यात घर बांधलंत तेव्हा सचिवपद माझ्या गळ्यात घालून गेलात. ('दोन वर्षं सांभाळ' म्हणाला होतात. याला नऊ वर्षं झाली.) मंडळ अजून दर दुसऱ्या शनिवारी साडेपाचला वाचनालयाच्या माडीवर भरतं. सभासद एकेचाळीस, हजर नऊ, त्यातले चार भज्यांसाठी. अध्यक्ष आता रावजी आहेत, निवृत्त उपअभियंता. मागच्या सभेचं इतिवृत्त ते स्वल्पविरामांसकट वाचतात आणि त्यात पाऊण तास जातो. छताच्या एका पंख्याची दांडी हलते. दोन वर्षांपूर्वी हे लक्षात आलं तेव्हा आम्ही सर्वानुमते ठराव करून त्याच्याखालच्या खुर्च्या बाजूला घेतल्या. गेल्या वर्षी त्याच पंख्याच्या वाऱ्याला बसून 'भूकंपरोधक बांधकाम' या विषयावर व्याख्यान ऐकलं आणि आभार मानून घरी गेलो. हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो.

फेब्रुवारीत मंडळात आम्रपाली तांबे ही मुलगी सभासद झाली. मुलगी म्हणजे तिशीतली, स्वतंत्र काम करते, जुन्या इमारती तपासून अहवाल देते. गाव पावसच्या पलीकडे. मार्चच्या सभेत तिने व्याख्यान दिलं, विषय 'आमच्या वाडीचा साकव'. पावसाळ्यात फुगणाऱ्या पऱ्यावरचा तो अरुंद पादचारी पूल तुम्ही पाहिला नसेल. वाडीतली मुलं शाळेला आणि बाकीची माणसं दवाखाना, दुकान, एसटी या सगळ्याला त्यावरूनच जातात. तिने पडद्यावर एक फोटो दाखवला. पलीकडच्या खांबाखालची माती पाण्याने नेली होती, आणि त्या पोकळीत कोपरापर्यंत शिरलेला तिचा स्वतःचा हात. ती म्हणाली, "मी बांधकाम खात्याच्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. एकट्या बाईचं पत्र कोण वाचतो? मंडळाच्या नावाने एक पान लिहा, की पावसाआधी साकव बंद करा. बाकी मला काही नको."

रावजी म्हणाले, "विषय अत्यंत गंभीर आहे. म्हणूनच घाई नको."

उपसमिती नेमली. मी, रावजी आणि एक कंत्राटदार सभासद. एप्रिलमध्ये आम्ही पाहणीला गेलो. पाहणीच्या वाटेवर कंत्राटदारांच्या मित्राची कलमांची बाग लागते, आणि एप्रिलमध्ये पावसला बागेवरून नुसतं पुढे जाणं हा यजमानाचा अपमान समजला जातो. आमरस झाला, वामकुक्षी झाली. साकवापाशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. रावजींनी गाडीच्या बॉनेटला टेकून पाहणी केली (चपला नव्या होत्या). कंत्राटदार गाडीतून उतरलेच नाहीत. खाली मी उतरलो. पोकळीत हात घातला. माझाही कोपरापर्यंत गेला आणि आत कशालाही लागला नाही. आप्पा, मी हात बाहेर काढला, डबक्यात धुतला आणि रुमालाने पुसला.

वर साकवाच्या तोंडाशी आम्रपालीचे चुलते उभे होते, भिवाकाका. मुंबईत गोदीत पस्तीस वर्षं काम करून गावी परतलेला उंच, सडपातळ माणूस. मला म्हणाले, "सायेब, आमी एकेकच जातो. पोरांना सांगून ठेवलंय, धावायचं नाय." मग पऱ्याकडे बघून म्हणाले, "पन पानी काय एकेकटं येतंय?" मी म्हटलं, "काका, करतो काहीतरी." ते हसले. मुंबईत अशी वाक्यं त्यांनी बरीच ऐकली असणार.

मेच्या सभेत मी मसुदा वाचला. त्यात 'धोकादायक' हा शब्द होता. कंत्राटदार म्हणाले, कार्यालय दुखावेल, 'चिंताजनक' करा. रावजींच्या मते चिंता ही मनाची अवस्था असून ती साकवाला लावता येत नाही. एक तास वीस मिनिटं चर्चा झाली (इतिवृत्तात आहे). आम्रपाली शेवटी म्हणाली, "शब्द कुठलाही घाला, पण पत्र उद्या पाठवा." तेव्हा रावजींच्या लक्षात आलं की मंडळाच्या छापील कागदावर अजून अध्यक्ष म्हणून तुमचंच नाव आहे. नवे कागद छापून यायला जूनची पाच तारीख उजाडली. रावजींनी सही केली आणि पत्र माझ्याकडे दिलं. मात्र मेचं इतिवृत्त जूनच्या सभेत कायम झाल्याशिवाय ते जावक करू नये, अशी सूचना केली. जूनच्या सभेला आलो चौघे. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. पत्र माझ्या बॅगेत.

आता जे लिहितो ते नीट वाचा. आपल्या घटनेत नियम चौदा आहे. तातडीच्या बाबतीत सचिवाने कोणालाही न विचारता स्वतःच्या सहीने पत्र पाठवावं. नियम तुमच्याच हातचा आहे, आणि मला तो तोंडपाठ आहे. कार्यालय माझ्या घरापासून स्कूटरने सहा मिनिटं. पाऊस होता, रेनकोटची चेन बिघडली होती, आणि खरं सांगायचं तर रावजींच्या तोंडी लागायचा कंटाळा आला होता. सोळा तारखेला आम्रपालीचा फोन आला. "सर, पत्र गेलं का? नसेल तर उद्या वाडीतली सगळी माणसं घेऊन मीच कार्यालयात जाऊन बसते."

मी म्हटलं, "गेलं. गेलंच समज."

"गेलं ना नक्की?"

"हो गं, गेलं."

ती वाडीतली माणसं घेऊन गेली नाही.

चोवीस जूनला सकाळी पऱ्या तांबडं पाणी घेऊन काठोकाठ भरला. भिवाकाकांनी शाळेला निघालेल्या मुलांना अलीकडेच अडवलं आणि घरी परत पाठवलं. अलीकडच्या तोंडाला आडवा दोर बांधला. मग पलीकडून कोणी पाय टाकू नये म्हणून दुसरा दोर खांद्यावर घेऊन तिकडच्या तोंडाला बांधायला निघाले. मधोमध असताना पलीकडचा खांब खाली बसला. मुलांच्या आया काठावरून ओरडत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाडीच्या तोंडाशी सापडले. दोर खांद्यावरच होता.

जुलैच्या सभेला सव्वीस सभासद आले. इतकी उपस्थिती तुमच्या निरोप समारंभालाही नव्हती. श्रद्धांजलीच्या ठरावात 'अपघाती' लिहावं की 'दुर्दैवी', यावर चर्चा झाली. आम्रपाली त्या दिवशी आली नव्हती. मग रावजींनी मला विचारलं, "पत्र कधी दिलंत?" मी बॅगेतून पत्र काढून टेबलावर ठेवलं. पावसाने कडा फुगल्या होत्या. रावजींनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग कंत्राटदार म्हणाले, "तारीख तर घातलेलीच नाही की अजून." कोणीतरी म्हणालं, कागद जूनमध्ये छापलेत. रावजी म्हणाले, "कागदावर छापल्याची तारीख नसते." आपली जावक नोंदवही उघडली. मेच्या पानावर तळाला एक ओळ मोकळी होती. सव्वीस इंजिनियर माझ्या हाताकडे बघत होते. मी लिहिलं: वीस मे, साकव बंद करणेबाबत, हातपोच. अक्षर चांगलं आलं. नंतर आम्ही एक निवेदन दिलं की मंडळाने वेळीच इशारा दिला होता, आणि ते छापून आलं.

माझा हिशेब असा होता, की मेलेला माणूस तर परत येत नाही, मग मंडळाचं नाव राहिलं तर कोणाचं काय जातं? तो चुकला. इशारा दिला होता म्हटल्यावर चौकशी लागली, आणि पहिला प्रश्न आला की ते पत्र गेलं कुठे? कार्यालयात टपाल घेणारा कारकून आहे, प्रज्ञेश म्हणून, नोकरी लागून दीड वर्ष झालंय. तो म्हणतोय, असं पत्र आलंच नाही. ते अर्थातच कोणी मानत नाही, कारण त्याच्या विरुद्ध एकेचाळीस इंजिनियरांचं मंडळ आहे. पत्र गहाळ करून माणसाच्या मृत्यूला कारण झाला म्हणून त्याला निलंबित केलंय. बाजारात लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. गेल्या सोमवारी मी त्याला मासळीबाजारात पाहिलं. रिकामी पिशवी घेऊन उभा होता, भाव विचारत नव्हता. मी मागच्या मागे वळलो.

आणि परवा दुपारी भिवाकाकांच्या पत्नी सुनंदाबाई आमच्या घरी आल्या, आम्रपालीबरोबर. परसातल्या काकडीच्या वेलाची दोन तवशी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "सायेब, तुमी तरी आमच्यासाठी लिवलंत. नायतर आमचं कोन ऐकतंय." आम्रपाली म्हणाली, "सर, तुमच्यावर विश्वास ठेवला ते बरं केलं. त्या कारकुनाला मी सोडणार नाही." भार्गवीने चहा केला. ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तुमच्या मेहुण्याकडे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कोणी कौतुकाने बघावं, हे किती दुर्मीळ आहे ते तुम्ही जाणता. मी चहा घेतला. त्यांना फाटकापर्यंत सोडलं. तवशी अजून स्वयंपाकघरात आहेत. भार्गवी विचारते, चिरू का? मी म्हणतो, उद्या.

असो. पाऊस ओसरला की इकडे या. गुडघ्याला तेल लावत जा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गंधार

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. पुढच्या सोमवारी, अकरा तारखेला सकाळी अकरा वाजता माझा जबाब आहे. रावजींचं म्हणणं, संस्थापक म्हणून तुमच्या दोन ओळी मिळाल्या तर काम होईल: 'वीस मे रोजी सचिवांनी मला फोनवरून सदर पत्र वाचून दाखवलं व ते त्याच दिवशी दिल्याचं सांगितलं.' एवढंच. तुमच्या शब्दाला अजून वजन आहे. सही निळ्या शाईत करा.

ता. क. २ : वरचा मजकूर लिहून पाकीट बंद केलं होतं. ते आता फोडलं आहे. दोन ओळी लिहू नका. लिहिल्याच असतील तर फाडून टाका. मी नोंदवहीतल्या त्या ओळीपाशी आजची तारीख आणि खरी हकिगत लिहून खाली सही केली आहे, आणि वही घरी आणली आहे. रावजींचे पाच फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. प्रज्ञेशचं घर शोधून काढलं आहे, दारापर्यंत जाऊनही आलो. आत गेलो नाही.

ता. क. ३ : सोमवारी तुम्ही याल का? काही बोलू नका, नुसते शेजारच्या खुर्चीवर बसा. तुम्ही समोर असलात की मला खोटं बोलता येत नाही, आणि एकट्याने खरं बोलता येईल याची मला खात्री नाही. जबाब झाला की तिथूनच प्रज्ञेशकडे जायचं आहे, आणि मग पावसला. ताईला यातलं काही सांगू नका, असं लिहिणार होतो. पण सांगा, आणि तिलाही घेऊन या. सुनंदाबाईंच्या दारात मी एकटा उभा राहू शकणार नाही.