धुतलेला गहू

१२ नोव्हेंबर १९७२

घरात सगळ्यांना मिलोची — रेशनवरच्या त्या लाल अमेरिकन ज्वारीची — भाकरी आणि मला एकटीला गव्हाची चपाती! घास उतरत नाही लाजेनं. विहीर आटली, पेरायचं कुठं, म्हणून सरकारी बियाणं तसंच पडून होतं — गुलाबी औषध लावलेलं. ग्रामसेवक बजावून गेले होते, खायचं नाही. पण आत्याबाईंनी — माझ्या सासूबाईंनी — ते पाण्यावर पाणी बदलून धुतलं, पार निवळ पाणी येईपर्यंत. आधी कोंबड्यांना घालून आठवडाभर वाट पाहिली. कोंबड्या ठणठणीत. म्हणाल्या, "रंगासंगं औषिद बी गेलं. पोटुशीला घालायचं न्हाई तर कुणाला?"

आईमागं इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

३ डिसेंबर

बाळ लाथा मारतंय. आत्याबाईंनी पोटावर हात ठेवला आणि हसल्या. कणगीतल्या त्या गव्हाला किडासुद्धा शिवत नाही म्हणतात. आत्याबाई स्वतः मात्र एक घास खात नाहीत.

१९ एप्रिल १९७३

मुलगी झाली. रतन. माहेरी कुणी उरलं नाही, म्हणून बाळंतपण इथंच, कुरवंड्याला. हे रेल्वेच्या यार्डातून रजा काढून आले, लोणावळ्याहून पेढे घेऊन. माझी तब्येत उत्तम.

२ सप्टेंबर

रतन मान धरत नाही. शेजारच्या बायडाबाईंचा नातू तिच्यामागून झालेला, तो पालथा पडतो. मी थाळी वाजवली तर रतन दचकते. पण नजर कुठंच ठरत नाही — माझ्यावरही नाही. आत्याबाई रोज तेल लावून चोळतात. "व्हईल गं. हिचा बापबी उशिरा चालला." मला धीर दिला आणि चुलीपाशी जाऊन डोळे पुसले. मी पाहिलं.

आपलंच काही चुकलं का? ग्रहण पाळलं नाही म्हणून, असं बायका बोलतात. आम्ही तसलं मानत नाही. तरी मनात येतंच.

११ नोव्हेंबर

अजून मान धरत नाही.

२० नोव्हेंबर

पुण्याला नेलं. डॉक्टर तरुण, पण शांत. रतनचे हातपाय वाकवून पाहिले, किती ताठरलेत ते मलाही दाखवलं. मग विचारलं, दिवस गेले असताना काय खाल्लं? आठवून आठवून सांगितलं. बियाण्याच्या गव्हाशी थांबवलं त्यांनी.

म्हणाले, "त्या औषधात पारा असतो. धुतल्यानं रंग जातो, पारा जात नाही. आईला काही जाणवत नाही बहुतेक वेळा — पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो धरतो. परदेशात असंच घडल्याचं वाचलंय. खात्री देता येणार नाही, पण दुसरं कारण दिसत नाही." औषध? नाही. चालेल का? बोलेल का? त्यांनी रतनला दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं.

म्हणजे मी काही केलं नाही, आणि सगळं माझ्यातूनच झालं. गाडीत रतनला छातीशी घट्ट धरून बसले होते. रडूही आलं नाही.

२१ नोव्हेंबर

हे म्हणाले, "आईला सांगू नगंस. ती जीव देईल." मीही हो म्हटलं. त्या माऊलीनं स्वतः मिलो खाऊन मला गहू घातला, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? डॉक्टर काय म्हणाले, असं त्या विचारतच होत्या. शक्ती कमी आहे, एवढंच सांगितलं. वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं.

९ डिसेंबर

ठरलेलं मोडलं. आत्याबाई कणगीतला उरलेला गहू काढून भिजत घालत होत्या — रतनला शक्ती यावी म्हणून खीर! मी भांडं हिसकावलं. मग सगळंच बोलून गेले — पारा, मेंदू, डॉक्टर. त्या ओल्या हातांनीच बसल्या होत्या. शेवटी एकदाच विचारलं, "म्या केलं हे?" मी मिठी मारली. नाही म्हणता आलं नाही.

१० डिसेंबर

आत्याबाईंनी काल दुपारपासून अन्न घेतलं नाही. आज संध्याकाळी स्वतःच जवळ आल्या. म्हणाल्या, "चंपालाबी धाडलाय." चंपा माझी नणंद, घोरावाडीला दिलेली. दिवाळीपासून तोच गहू खातेय. तिला सहावा लागलाय.