जमनाक्कांच्या मानाची साडी

८ नोव्हेंबर
काळी म्हणे! निळी आहे साडी. बसवनगुडीतल्या दुकानाच्या दारात नेऊन, उन्हात धरून मी पाहिली. आत आल्यावर माझ्या लेकीनं, हर्षितानं, फोटो काढला आणि होणाऱ्या सासूला, जमनाक्कांना पाठवला. विहिणीच्या मानाची साडी, आवडली का एवढंच विचारायला. लगेच होसकोट्याहून फोन. "मानाला काळी? आमचं वाईट चिंतता?"

९ नोव्हेंबर
साडीच घेऊन येते म्हटलं, डोळ्यांनी बघा. "उंबऱ्याच्या आत आणू नका." मग फोन मुलाकडे दिला. देवव्रत, माझा होणारा जावई, हळूच म्हणाला, "अत्ते, मलाही काळीच दिसते."
लग्न तीन आठवड्यांवर. हर्षिता जेवली नाही.

१० नोव्हेंबर
हर्षिताची मैत्रीण मुग्धा — हिला कोणी सांगितलं होतं? फोटो इंटरनेटवर टाकला: काळी की निळी? सकाळी सगळीकडे तेच भांडण. रिक्षावाला अण्णा सिग्नलला मागे वळून माझ्या फोनमध्ये डोकावला. "ब्लॅक, मॅडम." मी उतरून चालत गेले.
जमनाक्कांचा निरोप: "आता लोकच सांगतायत, सरी? पटलं ना?" अर्धे लोक! बाकीचे अर्धे निळी म्हणतात, ते बाईंच्या कानावर जात नाही.

११ नोव्हेंबर
मी जिथं सदर लिहिते तिथले संपादक विद्याधर यांचा फोन. "त्या साडीवर सहाशे शब्द, पाचपर्यंत. एकाच फोटोत वेगळे रंग का दिसतात? तुमच्यासारखं शांतपणे." साडी कुणाच्या घरची, मी सांगितलं नाही.
जमनाक्कांना झोडायलाच बसले होते. जमेना. फोटोत उजेड कुठला ते कळत नाही, म्हणून मेंदू अंदाज करतो आणि तो उजेड वजा करून रंग ठरवतो. कापड निळसर सावलीत आहे असं धरलं, तर निळेपणा सावलीचा ठरतो, उरतं काळं. पिवळ्या दिव्याखाली आहे असं धरलं, तर कापड निळं. हे आपण ठरवून करत नाही. म्हणजे दोन्ही बाजू खऱ्या. असं लिहिताना दातओठ खाल्ले, पण लिहिलं. वेळेत पाठवलं.

१२ नोव्हेंबर
हर्षितानं लेख वाचला. "छान लिहिलंस, आई. पण तोच फोटो मी जमनाक्कांच्या आधी देवव्रतला पाठवला होता. 'निळी घे, अम्माला शोभेल' म्हणाला."
होसकोट्याला तिनंच फोन लावला. लग्न मोडलं.