मामांची गाडी चढावर का थबकते

मनिंजाऊ तळ्याकाठून, गुरुवार

आदरणीय मामांना भाची रोसनीदारचा सलाम. गुडघा कसा आहे? कॉफीत चोरून साखर घालणं बंद झालं असेल अशी आशा करते. (झालेलं नाही, असं मामींनी कळवलंय.) आई तुमच्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम.

पेकनबारूला जाताना तुम्ही गाडी माझ्या हवाली केलीत, "सुईणबाईला गाडी हवीच" म्हणून. आता फोनवर म्हणता, विकून टाक. मामा, ते जमणार नाही.

झालं असं, की यल्मीचं मूल पोटात आडवं होतं, म्हणून मी तिला घेऊन बुकिटटिंगीच्या हॉस्पिटलकडे निघाले. घाटाची निम्मी वळणं चढल्यावर गाडी एकदम ढेपाळली. पाय दाबावा तर गचके, सोडावा तर बंद. शेवटी मासळीचा टेम्पो थांबवला आणि यल्मीला पुढं बसवून वर नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. (टेम्पोत रिनुआक मासे होते, गाव बाळाला आता त्याच नावानं हाक मारतं. यल्मी माझ्याशी बोलत नाही.)

त्याच दिवशी ठरवलं, की दुखणं शोधल्याशिवाय बोनेट मिटायचं नाही. बस्रियाल मेकॅनिकनं आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप, मग म्हणाला, "बाई, गाडीचं वय झालं." मी म्हटलं, "वय तुमचंही झालंय, तुम्हाला कुणी भंगारात काढलं का?" त्यावर तो चहा प्यायला गेला तो आलाच नाही.

मग मी पेशंटला विचारते तसं गाडीला विचारलं: दुखतं कधी? उभी असताना नाही, भरधाव असताना नाही. पाय जरासा दाबला की तेवढ्यातच. म्हणजे पाय किती दाबलाय हे इंजिनाला सांगणारा जो थ्रॉटलचा सेन्सर असतो, तोच मधे गप्प होत असणार. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून काट्याचं मीटर आणलं. पहिल्यांदा भलत्याच तारेला लावलं. काटा पाच व्होल्टवर ढिम्म उभा, आणि मी खुशीत! (आईला हे सांगायची गरज नाही, ती अंगणातूनच हसत होती.) मग बरोबर तार धरली, चावी फिरवली, इंजिन बंदच ठेवलं आणि थ्रॉटलची झडप हळूहळू उघडली. काटा अर्ध्या व्होल्टवरून सरळ चढायला हवा. चढला, आणि जरा वर जाताच धाडकन शून्यावर! पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तारा हलवून पाहिल्या, त्या धडधाकट होत्या. सेन्सरच्या आतली पट्टीच तेवढ्या जागी झिजली होती.

नवा सेन्सर पाडांगहून मागवून दोन स्क्रूंनी बसवला, आणि गाडी सुरू करताच अशी गरजली, की आईच्या कोंबड्या मशिदीपर्यंत गेल्या. सेन्सर जरा तिरका बसला होता. पुन्हा मीटर लावलं, स्क्रू सैल केले, सेन्सर केसभर फिरवला, काटा अर्ध्या व्होल्टवर आला तसे आवळले. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं.

तरी खात्री हवी, म्हणून बस्रियालला चहाच्या टपरीवर गाठलं, मागच्या सीटवर बसवलं आणि घाट चढायला घेतला. "अहो बाई, हळू! मला काय कळा येतायत?" असं तो प्रत्येक वळणावर ओरडत होता. गाडी एकदाही थबकली नाही. वर पोचल्यावर मी रस्त्याकडेला उभी राहून थोडी रडले. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "बाकी गाडी चांगली आहे हो."

मामींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमची भाची,
रोसनीदार

ता. क. तुम्ही धाडलेलं गिऱ्हाईक, झुलहेल्मी, आज सकाळी दारात हजर झालं. मामांनी विचार बदलला, असं मी त्यांना सांगून टाकलंय. तेव्हा कृपा करून विचार बदला.

ता. क. दोन: त्यांचा विश्वास बसला नाही. खुद्द तुमच्या तोंडून ऐकायला ते दुपारच्या बसनं तुमच्याकडे निघालेत. हे पत्रही त्यांच्याच हाती देतेय. चहा बिनसाखरेचा घेतात. तुम्हीही त्यांच्याबरोबर तोच घ्या.